पाच वाजेपर्यंत

त्या ऑक्टोबरात मी दारव्ह्याच्या घरी बसून नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, आवरत होतो. कार्ड चालू केलं की ते तयार झालं का, हे त्याच्या रजिस्टरला, म्हणजे आतल्या एका छोट्या कप्प्याला, पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. ठरल्या वेळेत उत्तर आलं नाही, तर कार्ड बिघडलं असं जाहीर करायचं. आधीच्या लोकांनी हे विचारणं बारा ठिकाणी बारा तऱ्हेने लिहून ठेवलं होतं. मला असल्या पसाऱ्याचा राग येतो. मी सगळं काढून टाकलं आणि त्या जागी एकच छोटं फंक्शन लिहिलं. दर वेळी आधी घड्याळ बघायचं, वेळ संपली असेल तर तिथूनच परत फिरायचं. मी स्वतःवर जाम खूश होतो.

त्याच खुशीत मी बाबांनाही नियम लावला.

बाबांचे एक मित्र दर बाजाराच्या दिवशी गावाहून जीपने यायचे. दोघं एकेकाळी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला होते. ती जिनिंग बंद पडली, तरी तिच्या ओट्यावर बसायची सवय सुटली नव्हती. त्या काकांना ऐकू कमी यायचं, म्हणून ते फोन बाळगत नसत. जीप कधी यायची, कधी नाही, आणि बाबा उन्हात बसून राहायचे. मी त्यांना बजावलं, पाच वाजले की उठायचं, काका आले नाहीत तर नाही आले.

त्या बाजारी बाबा सव्वापाचला घरी आले, एकटेच. शहाण्यासारखं वागले म्हणून मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ओट्यासमोरच्या पानवाल्याने अंबाडीची जुडी आणून दिली. जीप पंक्चर झाल्यामुळे काका उशिरा पोचले होते, बाबा नुकतेच गेले होते. दिवेलागणीपर्यंत बसून त्यांनी जुडी त्याच्याकडे ठेवली आणि शेवटच्या जीपने गेले. बाबा लगेच गावाला जायचं म्हणाले. मी म्हटलं, कशाला, पुढच्या बाजारी येतीलच की. मला काम संपवायचं होतं.

पुढचा बाजार यायच्या दोन दिवस आधी काका गेले.

काकांना पोचवून गावाहून परतताना बाबा जीपमध्ये माझ्या शेजारी होते. रागावले नव्हते, तेच मला सोसवत नव्हतं. म्हणाले, "तू सांगतलं म्हून मी निंगालो. पन रस्त्याच्या मोडावरून एकडाव वळून पाहाले काय झालतं मले."

त्याच आठवड्यात माझं काम तपासणाऱ्या वरिष्ठांचं पत्र आलं. सर्व्हरवर ताण आला की माझं फंक्शन मध्येच खोळंबायचं, आणि जागं होईपर्यंत वेळ संपलेली असायची. तोवर कार्ड तयार झालेलं असायचं, पण मी न बघताच ते बिघडल्याचं कळवत होतो. वेळ संपल्यावर आणखी एकदा वाचा आणि मगच काय ते ठरवा, असं त्यांनी लिहिलं होतं. एका ओळीचं काम होतं. ती ओळ लिहिताना मी रडलो.

आता बाजाराच्या दिवशी मीही ओट्यावर जाऊन बसतो. बाबा जीपच्या थांब्याकडे बघत असतात. मागच्या बाजारी त्यांनी विचारलं, "पाच वाजले काय?"

मी नाही म्हणालो. पावणेसहा झाले होते.