अडीच फूट डावीकडे

माझ्या धाकट्या दिरांना सगळे रेघवाले म्हणायचे. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गाड्या लावायचे चौकोन, विमानतळावरचे बाण, असलं सगळं ते रंगवायचे. रेघ अशी सरळ, की बघणाऱ्यानं चालताना पाय सांभाळावा. बोलणं मात्र विचारू नका. तोंड उघडायचं ते जेवायला आणि जांभई द्यायला.

त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, चार वर्षं राहिली आणि एक दिवस बॅग भरून बहिणीकडे निघाली. जाताना मला म्हणाली, "ताई, भिंतीला निदान ओल तरी येते. या माणसाला काहीच येत नाही." भाऊजींनी तिची बॅग खाली गाडीपर्यंत नेऊन दिली, दोरीनं नीट बांधूनसुद्धा दिली. 'जाऊ नकोस' एवढं काही तोंडातून निघालं नाही. नंतर ते लाँड्रीच्या वरच्या खोलीत एकटेच राहिले. दोन खुर्च्या होत्या, त्यातली एक लाँड्रीवाल्याला देऊन टाकली. मी म्हटलं, "अहो, कोणी आलं तर?" म्हणाले, "कोण?" रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे, तेवढीच काय ती माणसांत ऊठबस.

तर अशा माणसाला एकदा विमानवाहू जहाजावरचं काम मिळालं. त्या जहाजावर लहान लढाऊ विमानं रोज उतरायची. त्यांच्या शेपटीला आकडा असतो, तो जहाजावर आडव्या ताणलेल्या दोराला अडकला की विमान थांबतं. पण या खेपेला चार पंख्यांचं अजस्र मालवाहू विमान उतरवून बघायचं होतं. जहाज भर समुद्रात असलं की सामान पोचवायची पंचाईत व्हायची, म्हणून हा घाट. या विमानाला आकडा नव्हता, पंख्यांचा जोर उलटा लावून थांबायचं होतं. रुंदी इतकी, की उजवीकडे सरकलं तर पंख जहाजावरच्या मनोऱ्याला थडकणार, डावीकडे सरकलं तर चाक पाण्यात. म्हणून वैमानिकासाठी एक पिवळी रेघ हवी होती. पुढचं चाक त्या रेघेवर ठेवलं की दोन्ही बाजूंना जेमतेम जागा उरत होती. ती रेघ मारायला भाऊजी.

जहाज धक्क्याला होतं तेव्हाच त्यांनी रेघ मारली. टेपचं एक टोक त्यांनी डाव्या काठावर धरलं, दुसरं डेकवरच्या साहेबांच्या हातात. साहेबांनी माप वाचलं, मान हलवली, कागदावर सही ठोकली. रंग कुठे उडाला तर हात मारायला म्हणून भाऊजींना जहाजाबरोबर समुद्रात नेलं.

चौथ्या दिवशी सकाळी विमान जमिनीवरून निघालंसुद्धा होतं. भाऊजी गुडघ्यावर बसून रेघेचा उडालेला पोपडा भरत होते. डेकच्या काठाला लागून, कमरेएवढी खाली, खलाशांना ये-जा करायला एक चिंचोळी वाट असते. तिच्यात एक खलाशी पाण्याची नळी गुंडाळत उभा होता. त्याची नुसती छाती आणि डोकं वर दिसत होतं. भाऊजी त्याच्याकडे बघत राहिले, आणि त्यांचा ब्रश थांबला.

रस्त्याचं माप घेताना गटार रस्त्यातच धरायचं, टेप गटाराच्या बाहेरच्या कडेला लावायची, ही त्यांची तीस वर्षांची सवय. हातानं इथेही तेच केलं होतं. टेप लावली होती ती त्या खालच्या वाटेच्या बाहेरच्या कठड्याला. म्हणजे तो खलाशी उभा होता ती जागासुद्धा त्यांनी डेकमध्ये धरली होती. रेघ अडीच फूट डावीकडे गेली होती. घरात अडीच फुटांनी काय होतं? कपाट इकडचं तिकडे. इथे विमानात सहा माणसं होती.

भाऊजी उठले. साहेब कानाला यंत्र लावून उभे होते.

"साहेब, रेघ चुकली."

"काय?"

"रेघ. चुकली."

"अहो, सही झालीये माझी त्यावर!"

"सही बरोबर असेल. रेघ चुकली."

साहेबांनी हातानंच त्यांना बाजूला सारलं. विमान आता ठिपक्याएवढं दिसायला लागलं होतं. तेव्हा हा माणूस ओरडला. मला सांगताना म्हणाले, "वहिनी, कोणाचा आवाज म्हणून मीच मागे वळून बघितलं." ओरडले, ते तरी काय, "तिथे खाली गटार आहे! मी गटार धरलंय!" आसपासचे दोघे-तिघे हसले. साहेबांनी मात्र काठाकडे बघितलं, मग रेघेकडे, आणि त्यांचा चेहराच उतरला. विमान डोक्यावरून परत पाठवलं.

पुढचे दोन दिवस रेघ खरवडणं, धुणं आणि पुन्हा मारणं. भाऊजींशी कोणी बोलत नव्हतं. जेवणाच्या लांब टेबलावर त्यांच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहायची. साहेब एवढंच म्हणाले, "धक्क्याला लागलो की तुमचा-आमचा संबंध संपला." या वेळी टेपची दोन्ही टोकं साहेबांच्या माणसांनी धरली. भाऊजींनी नुसता ब्रश धरला.

विमान पुन्हा आलं त्या दिवशी बाहेरच्या माणसांना वर थांबायला बंदी होती. भाऊजींनी विचारलं, "साहेब, कोपऱ्यात उभा राहू?"

"नाही. खाली जा."

ते डेकखालच्या रंगाच्या कोठडीत डब्यावर बसले. डोक्यावर लोखंडी छत, त्याच्यावर त्यांची रेघ. आधी चाकं टेकल्याचा धप्पकन आवाज आला, आणि विमान न थांबता पुन्हा उडून गेलं; आधी नुसतं टेकून बघायचं ठरलं होतं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा असा दणका बसला, की फळीवरचे डबे एकमेकांवर आपटले. मग पंख्यांची गर्जना, आणि एकदम शांत. त्यानंतर वर पळापळ. शंभरेक पावलं एकाच दिशेनं धावत गेली. माणसं आनंदानं पळताहेत की कोणाला काढायला, खालून कसं कळावं? भाऊजी दाराशी उभे राहिले. जिना समोर होता, पण खाली जा सांगितलं होतं ना, मग वर कसं जायचं? असला माणूस. कोणीही खाली आलं नाही. किती वेळ गेला, त्यांनाही सांगता आलं नाही.

शेवटी स्वयंपाकी साबण शोधत आला.

"अहो रेघवाले, तुम्ही इथेच? उतरलं की केव्हाच! वर फोटोसुद्धा काढून झाले."

"माणसं?"

"माणसांचेच फोटो, नाहीतर कोणाचे?"

भाऊजी वर पोचले तोवर विमान पुन्हा उडालं होतं. डेकवर पुढच्या चाकाचा काळा ओरखडा होता, पिवळ्या रेघेवर, बरोबर मधोमध. बाजूला चार बोटंही सरकलेला नाही. त्यांनी वाकून हात लावला. रबर अजून कोमट होतं.

रविवारी आमच्याकडे जेवता जेवता हे सगळं सांगत होते. एवढं बोलताना मी त्यांना आयुष्यात ऐकलं नव्हतं, म्हणून मध्ये पाणीसुद्धा वाढलं नाही.

मी विचारलं, "मग साहेब काही बोलले की नाही?"

"बोलले ना."

"काय?"

"रेघ पुसा म्हणाले. उद्या लढाऊ विमानं यायची आहेत, ती गोंधळतील. मग मी वरून राखाडी रंग मारला."

"त्या चाकाच्या खुणेवरसुद्धा?"

"हो. संध्याकाळपर्यंत पुरलं." त्यांनी पुढचा घास कालवला. "मग साहेब स्वतः बघायला आले, वहिनी. म्हणाले, अजून एक हात मारा. रेघ अजून दिसतेय."