डोकं डावीकडे, शेपूट उजवीकडे

माझा असा अनुभव आहे की मनापासून केलेल्या कामाचेच किस्से होतात. पाट्या टाकायच्या कामात कुणी फारसं चुकत नाही, आणि चुकलं तरी ते कुणाच्या लक्षात राहत नाही. आम्ही मात्र जीव लावून काम केलं, त्यामुळे चुकाही भरघोस झाल्या!

अमेरिकेत, बेलव्ह्यूतल्या आमच्या ऑफिसात सुट्टीच्या दिवशी सेवाभावी कामं करता येतात. पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या बेटाला पाच देश मिळून मदत करत होते. कुणी बर्फाचं यंत्र दिलं, कुणी होड्यांना इंजिनं दिली. आमच्या वाट्याला आलं अ‍ॅप. तिथल्या कोळ्यांनी रोज किती आणि केवढे मासे धरले, त्याची फोटोसकट नोंद त्यात व्हायची. अख्ख्या सीझनची नोंद एकही दिवस न गाळता दाखवली, की परदेशी खरेदीदार परवाना देऊन थेट त्या बेटाचे मासे घेणार होते. ते जमलं नाही तर तिथली पोरं पुन्हा दुसऱ्यांच्या मोठ्या जहाजांवर राबायला जाणार होती.

तिथल्या मासेमारी खात्यात लोसा नावाच्या बाई होत्या. त्यांचा मुलगा वर्षातले दहा महिने अशाच एका जहाजावर असायचा. सगळ्या देशांच्या पहिल्या मीटिंगमध्ये त्या एवढंच म्हणाल्या, "परवाना मिळाला तर तो घरी राहील." ते ऐकलं आणि मी ठरवलं, हे होणार म्हणजे होणारच.

टीम तिघांची. मी नागपूरची, म्हणजे समुद्राशी संबंध सहलीपुरता. अभिजित पुण्याचा, जन्मापासून शाकाहारी. आणि रिया इथेच जन्मलेली, माशांवर संशोधन करणारी. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं.

*

पहिले तीन शनिवार आम्ही दुपारी लोसाबाईंना फोन लावला. तिन्ही वेळा कुणी उचलला नाही.

"यार, यांना इंटरेस्टच नाही," अभिजित म्हणाला.

"इंटरेस्ट नसेल तर आपण निर्माण करू. लाव परत!" मी म्हणाले.

चौथ्या शनिवारी फोन उचलला गेला. मागून जोरात चर्चमधली गाणी ऐकू येत होती. लोसाबाई कुजबुजत म्हणाल्या, "तुम्ही दर रविवारी नेमका प्रार्थनेच्या वेळी फोन का करता? फादर विचारत होते, अमेरिकेत चर्च नसतात का?"

आमचा शनिवार म्हणजे त्यांचा रविवार! जगभरातल्या सर्व्हरच्या वेळा सांभाळून पगार घेणारे आम्ही, आणि एका बेटाचा वार आम्हाला कळला नव्हता. त्या दिवसापासून आम्ही शुक्रवारी फोन करू लागलो.

*

मग अ‍ॅप सुरू झालं आणि माशांचे फोटो येऊ लागले. प्रत्येक फोटोत मासा आमच्याकडे रोखून बघत होता! नुसतं तोंड आणि दोन बाजूंना दोन डोळे. लांबी नाही, शेपूट नाही, काही नाही.

रियानं डोक्याला हात लावला. "व्हाय आर दे ऑल लुकिंग ॲट मी?"

अभिजितनं ऑफिसात ओळखपत्रांच्या फोटोंचं काम केलं होतं. तोच कोड त्यानं इथे उचलून टाकला होता. कोळ्यानं मासा धरला की स्क्रीनवर गोल यायचा आणि सूचना यायची, 'चेहरा मध्यभागी ठेवा. हसू नका.'

एका म्हाताऱ्या कोळ्यानं तर निरोप पाठवला होता, "माझा मासा हसत नव्हता, तरी फोटो नापास का झाला?"

*

हे अभिजितच्या सासूबाईंच्या कानावर गेलं. त्या कोकणातल्या हर्णैच्या. आम्ही त्यांना काकू म्हणतो. त्या सहा महिन्यांसाठी लेकीकडे आल्या होत्या, आणि जावयाच्या घरात मासे शिजत नाहीत म्हणून आधीच वैतागलेल्या होत्या.

"उभ्या जन्मात मासा न धरलेल्या माणसानं माशांचं यंत्र केलंय होय?" त्यांनी विचारलं. मग लेकीला दुकानात पिटाळून एक भलाथोरला मासा आणवला आणि जावयाच्या हातात फूटपट्टी दिली. "हं. आडवा ठेव. डोकं डावीकडे, शेपूट उजवीकडे. आता मोज!"

"आई, ग्लव्हज घालू का?"

"त्या बेटावरच्या बायका घालतात का?"

अभिजितनं डोळे मिटून मासा मोजला. रिया म्हणाली, जगभरातले शास्त्रज्ञ अगदी असाच मासा ठेवतात. काकूंना त्याचं काही विशेष वाटलं नाही. शुक्रवारच्या कॉलवर त्यांनी लोसाबाईंना मासा ठेवून दाखवला. काकू मराठीत बोलत होत्या, लोसाबाई त्यांच्या भाषेत, आणि अर्धा तास दोघींना आमची गरज पडली नाही.

सोमवारपासून सगळे मासे आडवे यायला लागले.

*

मध्ये ऑफिसात आमच्या कामाचा आढावा झाला. मॅनेजर चांगला माणूस, पण त्याला प्रत्येक आलेख वर चढलेला लागतो. आमचा आलेख चार महिने सपाट होता.

"ग्रोथ कुठे आहे?" त्यानं विचारलं. "पुढच्या वर्षी मासे दुप्पट करायचा काय प्लॅन आहे?"

अभिजित चुळबुळला. रिया शांतपणे म्हणाली, "द प्लॅन इज, इट स्टेज फ्लॅट."

"फ्लॅट?"

"वर गेला तर समुद्र रिकामा होईल," मी म्हणाले. "आम्ही तो सपाट ठेवायला जिवाचं रान करतोय!"

मॅनेजरनं आलेख परत एकदा बघितला आणि म्हणाला, "या कंपनीत आलेख वाढला नाही म्हणून मी पहिल्यांदाच कुणाचं अभिनंदन करतोय."

*

खरं संकट पुढेच होतं. मासे अंडी घालतात तेव्हा ते बेट दोन महिने मासेमारी बंद ठेवतं. गावाचा मुखिया किनाऱ्यावर पानं बांधलेला खांब रोवतो, म्हणजे कुणी गळ टाकायचा नाही. वाडवडिलांपासूनची रीत. त्या दिवसांतही प्रत्येकानं रोज 'शून्य' अशी नोंद करायची होती.

अभिजितला या बंदीची कल्पना होती, पण त्याच्या अ‍ॅपला नव्हती. सलग चार शून्यं दिसली आणि अ‍ॅपनं अख्ख्या बेटाला आपोआप निरोप धाडला, 'तुम्ही मागे पडताय! हिंमत हरू नका, आजच समुद्रात उतरा!'

लोसाबाईंचा तातडीचा फोन आला. मुखियानं सगळे फोन गोळा करून ठेवले होते आणि निरोप दिला होता, "पोरांना बंदी मोडायला सांगणारा माणूस कोण आहे? त्याला माझ्यासमोर आणा."

नोंद थांबली तर सगळंच मुसळ केरात. मी अभिजितला स्क्रीनसमोर बसवला. त्यानं स्वतःहून झब्बा घातला होता. समोर पांढऱ्या शर्टातला धिप्पाड, पिकल्या केसांचा मुखिया. अभिजितनं हात जोडून माफी मागितली आणि ते निरोप कायमचे बंद केले.

मुखियानं विचारलं, "तू मासे खात नाहीस असं ऐकलं. खरं?"

"हो."

"म्हणजे तू कायमच बंदीत आहेस," मुखिया म्हणाला आणि त्यानं सगळ्यांचे फोन परत दिले.

*

सीझन संपला. एकही दिवस चुकला नव्हता. खरेदीदारांचा तपासनीस शुक्रवारी ऑनलाइन येऊन यादी बघणार होता. गुरुवारी शेवटचं चेक करताना अभिजित ओरडलाच. बंदीच्या चाळिसाव्या दिवशी एक नोंद होती. मासे : एक.

बंदीतला एक मासा! परवाना बुडणार, लोसाबाईंचा मुलगा जहाजावर परत जाणार.

"एकच ओळ आहे," अभिजित हळूच म्हणाला. "डिलीट केली तर कुणाला कळणार नाही."

खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आलं होतं. पण नोंद त्यांची होती, म्हणून लोसाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ज्याची आहे त्याला विचारते."

दहा मिनिटांनी निरोप आला, "होडी धुताना गळ चुकून पाण्यात राहिला होता. त्यानं दंड म्हणून डुक्कर कापून गावाला जेवण दिलंय. तो म्हणतो, राहू दे."

आम्ही राहू दिली.

शुक्रवारी लोसाबाईंच्या मागे अर्धं गाव बसलं होतं. आमच्याकडे काकूही खुर्ची ओढून बसल्या. तपासनीस कोरड्या चेहऱ्यानं पानं सरकवत होता. शून्य, शून्य, शून्य. मग त्याचा हात थांबला.

"ही नोंद कुणाची?"

पाठीमागून एक हात वर झाला. मुखिया उभा राहिला.

"माझी. फोटो नीट आलाय ना? डोकं डावीकडे आहे."

"तेव्हा बंदी होती. ती कुणी घातली होती?"

"मीच."

तपासनिसानं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. अजून निम्मी पानं बाकी होती. ती त्यानं बाजूला सारली.

"पुढची शून्यं तपासायची मला गरज नाही," तो म्हणाला. "सही कुठे करू?"