पौर्णिमाचं उरलेलं रडणं

सिनेमात गेलेल्या आमच्या पौर्णिमाची मुलाखत छापून आली की मी चष्मा शोधते, वाचते आणि कपाळावर हात मारून घेते. 'एका दिग्दर्शकाने तिला हेरलं', म्हणे! हेरलं कसलं, तो तर सामान बांधून निघाला होता. रोहणा गावात आमची पिठाची चक्की त्यांच्या घराला लागून आहे. त्या दिवशी काय झालं ते मला विचारा.

बाबाराव आणि धुरपताबाईंची ही धाकटी. चौदा एप्रिलच्या जयंतीला वस्तीत नाटक व्हायचं, बायकांची कामं मिशा काढलेली पोरं करायची. एका वर्षी नाटकातल्या आईला ताप आला आणि शाळकरी पौर्णिमाने, कोणी न विचारता, ते अख्खं काम पाठ म्हणून दाखवलं. तेव्हापासून तिचा मोठा भाऊ अंकित तिला सायकलवर बसवून आर्वीला नाटकं दाखवायला न्यायचा. १९९९ मध्ये शेतातल्या मोटारीचा शॉक लागून अंकित गेला.

आमच्याकडे बायका मयतावर नुसत्या रडत नाहीत, आठवणी सांगत, सूर धरून रडतात. धुरपताबाई त्या दिवशी जे रडली त्याने गाव हललं. "बापू रे, दुरडीत तुह्यासाठी भाकर झाकून ठेवली, आता कोनाले वाढू रे?" त्यानंतर मात्र तिने तोंड मिटून घेतलं. घरात अंकितचं नाव निघेना. आणि असं रडणं पुन्हा कोणी उच्चारत नाही. जिवंत माणसावर तर मुळीच नाही, अपशकुन समजतात.

२००३ च्या हिवाळ्यात नागपूरचा ताराचंद सीडीवरचा पिक्चर काढायला गावात आला. पौर्णिमा तेव्हा आर्वीच्या कॉलेजात होती. मेलेल्या नायकाच्या बहिणीचं काम तिला मिळालं. बाबारावांनी हो म्हटलं, पण अट घातली, "हे एकच. मंग सेलूच्या पाहुन्याइले होकार द्याचा." सेलूचं स्थळ ठरल्यातच जमा होतं. इकडे ताराचंदने सांगून ठेवलेलं, सीन जमला तर पुढच्या पिक्चरमध्ये मुख्य काम. म्हणजे त्या एका रडण्यावर पोरीचं सगळं टांगलेलं होतं.

शूटिंग आमच्याच अंगणात होतं. रूपराव नावाचा नट पांढऱ्या कापडाखाली निजलेला, भोवती गाव. पौर्णिमा रडली, पण पडद्यावरच्या बायांसारखी, मनगट कपाळाला लावून. पुन्हा रडली, तेच. ताराचंद वैतागला. "अरे, ये क्या नौटंकी करून राह्यली तू? ऊन चाललं. आता शेवटचं. नाई जमलं तं सीनच काटतो."

पौर्णिमाने डोळे मिटले आणि सूर धरला. "बापू रे, दुरडीत तुह्यासाठी भाकर..."

शब्द तेच, सूरही तोच. शेजारी बसलेल्या कौशल्याबाईने माझा दंड धरला. "काय करून राह्यली व ही पोट्टी? जित्या मानसावर?" बायका मुसमुसू लागल्या. धुरपताबाईकडे बघण्याची माझी छाती होईना. ती उठली, सरळ कॅमेऱ्यासमोर आली आणि तिने पोरीच्या तोंडावर हात ठेवला.

"हे माह्या लेकराचं हाये," ती म्हणाली. "पुसून टाका."

ताराचंद भडकला. "बाई, दिमाग खराब है क्या? असं रडनं हिरॉइनलेही येत नाई. हे पुसलं तं पुढचा पिक्चर विसर, पौर्णिमा."

बाबाराव जमिनीकडे बघत होते. पौर्णिमा आईकडे बघत राहिली. मला तर त्या पोरीचा संताप आला होता. आईचं दुःख उचलून बाजारात मांडायला निघालेली! मग ती म्हणाली, "पुसा, भाऊ."

कॅमेऱ्यातली कॅसेट मागे फिरवून ते रडणं पुसलं. ताराचंद शिव्या घालत सामान आवरू लागला.

"कॅमेरा राहू द्या," पौर्णिमा म्हणाली. "ऊन हाये अजून."

तो का थांबला कोण जाणे. या खेपेला ती रूपरावच्या उशाशी नाही, पायाशी बसली. सूर धरला नाही. रडलीही नाही.

"दादा, तू गेला तवा घरात मानसं मावत नोती. मी हापशीवरून पानी आनत होती. जो येई तो म्हने, पोरी, पानी दे. तुले उचललं तवाबी मी पान्याची गुंडी घेऊन उभी होती. मले कोनी रडू देल्लं नाई रे. मी अजून पानीच भरून राह्यली."

मग तिला रडू फुटलं. वेडंवाकडं, नाक गळणारं, बघवत नव्हतं. कापडाखाली रूपरावचं पोट हलायला लागलं. मेलेला माणूस हुंदके देत होता. ताराचंद कॅमेरा थांबवायचं विसरला.

धुरपताबाई खांबाला धरून उभी होती. "माह्या ध्यानातच नाई आलं व माय," ती म्हणाली, पुन्हा पुन्हा तेच म्हणाली. मग तिने पुढे होऊन रूपरावच्या तोंडावरचं कापड ओढून काढलं. "ऊठ, बापू. जिता हायेस तू. चाल, भाकर खाजो."

त्याला ती खरंच घरी घेऊन गेली. मीही मागोमाग गेले, राहवलं नाही. रूपराव खाली मान घालून जेवत होता, पौर्णिमा आईला चिकटून बसली होती. बाबाराव दारातच घुटमळले.

"सेलूले काय सांगू?"

धुरपताबाईने दुरडीतली दुसरी भाकर काढली आणि रूपरावच्या ताटात ठेवली.

"नाई म्हनून सांगा," ती म्हणाली. "पोरीचं रडनं अजून बाकी हाये."