चंद्रीनं दोरी खाल्ली तेव्हा

मागच्या मंगळवारी सकाळी वलगावला आमच्या गोठ्यात गेलो, तर चंद्री मान खाली घालून उभी. तोंडातून वीतभर निळी दोरी लोंबत होती... आणि समोरचा चारा जसाच्या तसा.

चंद्री आमची गाय. आमची म्हणजे बाबांची. आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागतं म्हणून बाबा आता अकोल्याला, जठारपेठेत दादाकडे राहतात. आई जाऊन सहा वर्षं झाली. त्यामुळे या घरात मी आणि चंद्री, एवढेच. अमरावतीला कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, दुपारी घरी येतो आणि माणसाचा आवाज असावा म्हणून टीव्ही लावून ठेवतो...

बाबा होते तेव्हा कडबा असायचा. तो कापून आणणं, रचून ठेवणं मला एकट्याला जमत नाही. म्हणून यंदा गव्हांड्याचे गोल गठ्ठे घेतले. मशीन गव्हाची काडी गुंडाळते आणि वरून प्लास्टिकच्या दोरीचे वेढे देते.

ती दोरी आधी सगळी काढायची, मग गठ्ठा उलगडायचा. हे मला माहीत होतं. पण सोमवारी पहिल्या तासाला उशीर होत होता. विळ्यानं चार-पाच ठिकाणी सपासप कापली, हाताला लागले तेवढे तुकडे ओढले आणि पळालो. बाकीचे तुकडे चाऱ्यातच राहिले.

गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "ओढली तर नाही ना?" नाही म्हटलं. "हातही लावू नका, मी येतो."

त्यांनी आल्यावर चंद्रीचं तोंड उघडून आत हात घातला. दोरी जिभेच्या मुळाशी गुंडाळली होती. ती कापून हळूहळू बाहेर काढली, पण टोकाला चावल्याच्या खुणा होत्या. म्हणजे काही तुकडे आत गेलेच होते. "किती गेली ते सांगता येत नाही. रवंथ सुरू होते का बघू दोन-तीन दिवस. नाहीतर पोट उघडावं लागेल."

औषध देऊन ते गेले. मी गोठ्यातच बसलो. सांगायचं कोणाला, हेच कळेना... दादा त्याच्या व्यापात, मित्र आता फक्त वाढदिवसाला मेसेज करतात. एरवी मनातलं जिच्याशी बोलायचं, तीच समोर जबडा मिटून उभी.

बाबांचा फोन रोज संध्याकाळी येतो. मी जेवलो का, हे ते दुसऱ्यांदा विचारतात. आधी विचारतात, चंद्री जेवली का. मंगळवारी मी खोटं बोललो... मजेत आहे म्हणालो.

बुधवारीही रवंथ नाही. संध्याकाळी फोन वाजला. जेवली, एवढंच म्हणालो, तेही अडखळत.

"काहून रे सुधीर, असा काहून बोलून राहिला?"

मग सगळं सांगितलं. गठ्ठा, घाई, दोरी, मंगळवारचं खोटं. मला वाटलं, आता शिव्या पडणार.

"तुले आपला ढवळ्या आठवते का?" बाबा म्हणाले. ढवळ्या म्हणजे आमचा जुना बैल, मी चौथीत असताना गेलेला. साप चावला, असंच बाबांनी सगळ्यांना सांगितलं होतं. "त्याले साप नोता चावला. दोरीच खाल्ली होती त्यानं. म्याच टाकली होती गव्हाणीत, चाऱ्यासंगं. तुया मायलेबी नाही सांगतलं मी."

त्या सापाच्या भीतीनं मी वर्षभर गोठ्यात पाऊल टाकलं नव्हतं... आणि साप नव्हताच. बाबा एवढी वर्षं हे एकटेच घेऊन बसले होते.

"मग काहून सांगता आता?"

"तू एकटा हायेस तिथं म्हून." मग म्हणाले, "मी बी इथं दिवसभर एकटाच रायतो ना बाप्पा. समदे कामाले जातात." हे ते याआधी कधीच बोलले नव्हते.

गुरुवारी सकाळी गोठ्यात गेलो. चंद्री बसली होती... आणि तोंड हलत होतं. मी तिथंच शेणात बसकण मारली आणि बाबांना फोन लावला. रवंथ करतेय, म्हणालो. शुक्रवारी शेणात दोरीचा गोळा पडला. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहे तुमची गाय.

आता प्रश्न राहिला दोरीचा. सगळे गठ्ठे नीट मोकळे केले, चाऱ्यात हात फिरवून तुकडा न् तुकडा वेचला. पोतंभर ढीग झाला. जाळली तर काळा धूर आणि घाण वास, भंगारवाला घेईना, उकिरड्यावर टाकली तर दुसऱ्या कोणाची गाय खाणार. बाबांना विचारलं तर म्हणाले, "फेकू नोको. रविवारी घेऊन ये."

रविवारी पोतं घेऊन एसटीनं अकोल्याला गेलो. दादाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत आम्ही दोघं बसलो. लांब दोऱ्या बाबांनी बाजूला काढल्या आणि चंद्रीला बांधायला दावं वळायला घेतलं. बारके तुकडे वहिनीनं रिकाम्या डब्यात ठासून भरले, पालिकेच्या प्लास्टिक गोळा करणाऱ्या गाडीत द्यायला.

बाबांचा डावा हात डायलिसिसचा. त्यावर जोर द्यायचा नाही. म्हणून ते उजव्या हातानं पीळ देत होते आणि दुसरं टोक मी ताणून धरलं होतं. तासभर आम्ही फारसं काही बोललो नाही... कधी नव्हे ते, बोलावं असं वाटलंही नाही.

मित्रांनो, गाई-म्हशी असतील तर दोरी आधी काढा आणि नीट ठेवा, एवढं नक्की सांगेन. आणि चूक झाली तर कोणाला तरी सांगा. मी उशिरा सांगितली, बाबांनी तर तीस वर्षांनी... तरी त्या रविवारी दोघांनाही जेवण गोड लागलं.