टाकीतली वाफ

काल दुपारी दादाने बाबांच्या जुन्या गाडीच्या टाकीचं झाकण उघडलं, तशी फस्सकन वाफ सुटली आणि उन्हात तेवढीच हवा थरथरताना दिसली. मूळ इंजिन कायमचं जाम झालं, म्हणून त्याने मागे दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं होतं. तेव्हापासून टाकीतलं पेट्रोल तापतं आणि वास गाडीत भरतो. दादाने झाकण बदललं, वाफेची नळी बदलली, तरी वास तसाच.

बाबांची फुप्फुसं आता फार थकली आहेत. त्यांना एकदा या गाडीतून फिरायचं होतं. म्हणून काल आम्ही तिघं रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. दादाने गाडी थांबवली.

“अजून एक नळी बदलून बघतो, बाबा.”

“राहू दे रे. छान चालली गाडी.”

जे डोळ्यांना दिसत नाही, ते कुठून निसटतंय हे माणसाने शोधायचं तरी कसं? डॉक्टरांनीही आता नवं औषध सुचवणं सोडलं आहे.

मी बाबांना हाताला धरून चालत घरी निघाले. त्यांना वास येऊ नये म्हणून दादा इंजिन बंद ठेवून, एकटाच गाडी ढकलत मागून येत होता.