शिवणमशिनीवरचा सोमवारचा बांगडा

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं, नाहीतर उद्यापर्यंत माझा उरलासुरला उत्साहही संपेल. तसाही फार राहिलेला नाहीये.

तर मी आणि माझी मैत्रीण पेडणे-डिचोलीपुरती जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची एक साइट चालवतो. फ्रिज, स्कूटर, भाड्याची खोली, कोंबड्या, सगळं. कॉलेजात सुरू केली तेव्हा वाटलेलं, काय मजा! आता मजा अशी की सकाळी डोळे उघडले की आधी कचरा काढायचा. 'घरबसल्या कमवा', काढ. बदली झालेल्या साहेबाची नवीकोरी स्कूटर कवडीमोलाने, काढ. तीच स्कूटर, दुसरा साहेब, काढ. वाळत घातलेल्या भातावर कोंबड्या कशा येतात, तश्शा. हाकलल्या की परत हजर.

आणि त्यातली एक जाहिरात माझ्या आईलाच लागली. आई ब्लाउज शिवते, तेही शेजारणीच्या मशिनीवर, शेजारीण दुपारी झोपते तेवढ्या वेळात. चतुर्थीआधी स्वतःची मशीन हवी, एवढंच तिचं म्हणणं. आमच्याच साइटवर एक जुनी दिसली, तिने ॲडव्हान्स पाठवला आणि माणूस गायब. फोटो भलतीकडून उचललेला. दुसऱ्या दुपारी आई परत शेजारणीच्या मशिनीवर जाऊन बसली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

म्हणून मग नियम काढला. फोटोत वस्तूवर सकाळचा ताजा उंडा ठेवायचा, पदेर दारात पाव देऊन जातो त्यातला. नेटवरून चोरलेल्या फोटोत उंडा कुठून येणार? काय शांती होती! फ्रिजवर उंडा, स्कूटरच्या सीटवर उंडा. लोक विचारायचे, "काय गो, बेकरी काढलंस?" मग उंड्यावाले फोटोच चोरीला जायला लागले. तेव्हा रोज नवी वस्तू. आज करवंटी, उद्या जास्वंद. आणि रोज सकाळी ते ठरवायचं कोणी? मी. डोकं पार आटलं.

अशाच एका सकाळी अर्धवट झोपेत टाकलं, आज बांगडा.

आणि तो सोमवार होता! सोमवारी आमच्याकडे नुस्तं, म्हणजे मासळी, घरात येतच नाही. जाहिराती बंद पडल्या. फक्त एक आली, लगेच. शिवणमशीन, गाव हळर्ण, घरगुती वापर. चाकावर दसऱ्याचं हळदकुंकू अजून लागलेलं आणि मशिनीच्या डोक्यावर ऐटीत बांगडा. मी नाचतच आईकडे गेले. "आई, बघ, नियमात बसते!"

आईने फोन लांब धरून बघितला.

"हळर्णात? सोमारी? गो, पूजेच्या मशिनीर नुस्त्यां कोण दवरता? आणि ह्यो बांगडो चाकापेक्षा व्हडलो कसो?"

फोटोवर चिकटवलेला होता. काढ. आईने फोन परत दिला आणि म्हणाली, "जाऊ दे, माका नको मशीन."

तेवढ्यात माझा फोन वाजला. डिचोलीची कोणी बाई, आवाज एवढा की स्पीकर लावायची गरजच नाही.

"ती साइटवाली तू? माझी शिवणमशीन विकूची आसा. सोमारी तिच्यार बांगडो दवरू? आवशीन कायच शिकवक नाय तुका?"

आवस, म्हणजे आमची आई, शेजारीच उभी! तिने फोन ओढलाच. "शिकवलंय गो बाय, हिच्या डोक्यात रवणा नाय. मशीन कित्याक विकतंस?"

"सुनेन मोटरची हाडल्यान."

"येव बघूक?"

"ये. हात धुवन ये पण!"

दोन बस बदलून, म्हापशावरून, त्याच दिवशी गेलो. आईने आपल्या पिशवीतल्या कापडावर टीप मारून बघितली, मग पैसे हातात दिले. आता मशीन आमच्या खिडकीशी आहे, आणि दुपारी शेजारीण तक्रार करते की आवाजाने झोप लागत नाही.

मी म्हटलं, दर सोमवारी बांगडाच ठेवूया, जो ठेवेल तो खोटा! मैत्रीण म्हणाली, "आणि सोमवारी नुस्तं खाणारे? ते बिचारे काय चोर?" बरोबर आहे तिचं. म्हणजे उद्या काय ठेवायचं ते परत मीच शोधायचं. साहेबाची स्कूटर आज सकाळी परत आलीये.

तुमच्याबरोबर झालंय का हो असं? खरा माणूस तुम्ही कसा ओळखलात? तुम्हालाही तो आधी ओरडलाच का?