नळीच्या खोलीतलं घुंगरू

मिरजेत इस्पितळांना तोटा नव्हता, आजही नाही. त्यातल्याच एका इस्पितळात सत्तरच्या दशकात मी बालरोगाचं शिक्षण घेत होते. मुलांच्या मोठ्या वॉर्डाला लागून एक व्हरांडा होता. आमच्या सरांनी त्याला प्लायवूडची भिंत घालून घेतली, आत चार खाटा मांडल्या आणि दारावर 'अतिदक्षता कक्ष' असं पेंटरकडून रंगवून घेतलं. हा शब्द तोवर आमच्याकडे कोणी ऐकलेला नव्हता. पोरांबरोबर येणाऱ्या बायका त्या जागेला 'नळीची खोली' म्हणायच्या आणि त्यांचंच नाव बरोबर होतं.

घटसर्पाची पोरं तिथे असायची. या आजारात घशात राखाडी पडदा धरतो आणि श्वास कोंडतो. मग गळ्याला पुढून छेद देऊन श्वासनळीत एक वाकडी चांदीची नळी बसवावी लागते, तिच्या आत साफ करायला काढता येईल अशी दुसरी; पोर तिच्यातून श्वास घेतं. लस होती. पण खटाव-माणच्या वाड्यावस्त्यांवर ती पोचत नव्हती, आणि पोचली तरी ताप येतो म्हणून बायका पोरं लपवत. पोर निळं पडायला लागलं की मगच एसटीत बसून आमच्याकडे यायच्या. मला त्यांचा राग यायचा. मी मूळची साताऱ्याची, त्यामुळे तो राग त्यांच्याच बोलीत काढायचे आणि त्या निमूट ऐकून घ्यायच्या. मग मला स्वतःचाच राग यायचा.

सर मुंबईला शिकून आलेले. तिथे त्यांनी श्वास देणारी यंत्रं पाहिली होती. आमच्याकडे ऑक्सिजनचं एक सिलिंडर, हातानं दाबायचा रबरी फुगा आणि पायानं चालवायचा सक्शन पंप, एवढाच संसार. "यंत्र नाही म्हणून रडत बसू नका," सर म्हणायचे, "दक्षता म्हणजे लक्ष. पोराकडे सतत कुणाची तरी नजर पाहिजे." ऐकायला हे छान होतं. पण नजर ठेवणार कोण? पाळीला एक सिस्टर, तीही मोठा वॉर्ड सांभाळून. मी एक, तीही दहा ठिकाणी धावणारी. मी हे सरांना तोंडावर बोलले. सर म्हणाले, "पोरांच्या आया आहेत ना."

अडचण अशी होती की नळी बसवली की पोराचा आवाज जातो. हवा परस्पर नळीतून ये-जा करते, कंठापर्यंत जातच नाही. पोर रडतं, तोंड वासतं, गालावर पाणी ओघळतं, पण आवाज नाही. कफ सुकून नळी तुंबली तर ते गुदमरतंही तसंच, बिनआवाज. चार रात्रींच्या जागरणानं आईचा बसल्या जागी डोळा लागलेला असायचा आणि तिच्या पाठीमागे पोर तडफडत असायचं.

एकदा एका पोराच्या पायात घुंगरांचे वाळे होते. ते गुदमरलं, पाय झाडू लागलं, वाळे वाजले आणि आई दचकून उठली. आम्ही आतली नळी काढून कफ ओढला आणि पोर वाचलं. सरांनी तेवढ्यावरून धडा घेतला. बाजारातून बैलांच्या घुंगरमाळा आणवल्या, त्यातली घुंगरं सोडवून उकळून घेतली आणि गॉजच्या पट्टीत एकेक ओवून प्रत्येक पोराच्या पायाला बांधायला लावलं. पुढे त्याचा त्यांनी रीतसर अभ्यासच सुरू केला. घुंगरू कधी वाजलं, तेव्हा पोर खेळत होतं की गुदमरत होतं, हे आम्ही टिपून ठेवायचं. बायकांना शिकवायचं काम माझ्याकडे होतं. त्या माझ्याहून लवकर शिकल्या. खेळातलं वाजणं आणि जिवावरचं वाजणं त्यांना लांबून ओळखू यायचं.

तंबोरे बनवणाऱ्या गावात आपण एक नवं वाद्य काढलं, असं सर सगळ्यांना सांगत. मला असलं बोलणं आवडत नसे. पण पोरं वाचत होती, हे खरं होतं.

त्या उन्हाळ्यात वडूजकडची एक बाई तिच्या मुलीला घेऊन आली. नवरा फौजेत, कुठेतरी बर्फात. दीर दोघींना सोडून शेतीच्या कामाला परत गेलेला. मुलगी तीनेक वर्षांची, काळीसावळी, डोळे मोठे. आली तेव्हा तिचा श्वास मोठ्या वॉर्डाच्या पार टोकापर्यंत ऐकू येत होता. सरांनी नळी बसवली आणि ती शांत झोपली. जागी झाल्यावर आवाज येईना, तेव्हा आई घाबरली.

"आवं बाई, वाचा गेली का वं माज्या पोरीची?"

"नळी काढली की परत येईल," मी म्हणाले. तिला ते पटलं नाही.

काही दिवसांनी मुलीची तब्येत सुधारली. तेव्हा सरांनी एक गंमत केली. मुलगी श्वास सोडत असताना नळीच्या तोंडावर हलकेच बोट धरलं आणि म्हणाले, "बोल बघू आता." हवा वरून गेली आणि घोगरा, चिरका आवाज आला, "आये, म्हस व्याली का?"

सिस्टर हसली, मी हसले, सरही हसले. आई मात्र पदर तोंडात धरून रडायला लागली. मग डोळे पुसून मुलीला म्हणाली, "व्हय गं, रेडी झालीया." घरची काही खबर तिला कळलेली नव्हती, ते तिनं मला नंतर सांगितलं. पोरगी एवढी बोलली, तिला नाही कशाला म्हणायचं. या मुलीला मी घरी पाठवणार, असं मी त्या दिवशी मनाशी धरून टाकलं. डॉक्टरनं असं काही धरू नये, हेही मला ठाऊक होतं.

शेजारच्या खाटेवर विट्याकडचा एक मुलगा होता. त्याचा घसा मोकळा झाला होता, पण घटसर्पाचं विष मागाहून हृदयात उतरतं. एका दुपारी जेवणानंतर तो आईच्या मांडीवर पाणी पिता पिता गेला. आम्ही फुगा दाबला, छाती दाबली, इंजेक्शनं दिली. काही झालं नाही. त्याचा बाप जीप मिळते का बघायला बाहेर गेला, कारण एसटीत मयत घेत नाहीत. सिस्टरनं खाटेभोवती कापडी पडदा ओढला आणि ती पुढच्या कामाला लागली. मोठ्या वॉर्डात जुलाबानं सुकलेल्या एका बाळाला सलाईनसाठी शीर सापडत नव्हती, म्हणून मला तिकडे बोलावलं. जाताना मी वडूजच्या मुलीकडे पाहिलं. ती झोपली होती, नळीतून श्वास स्वच्छ चालला होता.

परत आले तेव्हा पडद्याआडून दोघी बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. आमच्या भागात कुणाचं गेलं की शेजारीण गळ्यात पडून रडते, तिला एकटीला रडू देत नाहीत. वडूजची बाई विट्याच्या बाईजवळ जाऊन बसली होती. आणि इकडे खाटेवर मुलगी निळी पडली होती, पायाखालची चादर गोळा होऊन खाली आलेली. नळी कफानं पूर्ण बंद होती. मी आतली नळी उपसली, पंप मारला, फुगा लावला. सर धावत आले. आम्ही किती वेळ फुगा दाबत होतो मला सांगता येणार नाही. सरांनी माझ्या हातावर हात ठेवला, तेव्हा मी थांबले.

मुलीच्या पायाला घुंगरू नव्हतं.

आई पडद्याशी उभी होती. मी तिला विचारलं, आणि मी नीट विचारलं नाही, ओरडून विचारलं, "घुंगरू कुठाय?"

तिनं कनवटीला खोचलेली गॉजची पट्टी काढून माझ्यासमोर धरली.

"त्या बाईचं लेकरू मांडीवर गेलंया," ती म्हणाली, "आन माजी पोर तिच्या म्होरं छुमछुम करतीया. बरं दिसतंय का वं? म्हून काडलं. उलशिक काडलं हुतं."

तिला अजून काय झालंय ते पुरतं उमगलेलं नव्हतं. मग उमगलं. ती खाली बसली. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. विट्याची बाई आपल्या मुलाला खाटेवर ठेवून पडद्याबाहेर आली आणि तिला कवेत घेऊन म्हणाली, "माज्यापायी झालं गं बाय, माज्यापायी."

मला चिडायचं होतं आणि चिडायला माणूस सापडत नव्हतं. तिनं केलं ते माझ्या आईनंही केलं असतं. कुणाच्या दारात मयत असताना आमच्या आळीत रेडिओ लावत नसत, सोवळ्याच्या घरांतही आणि बाकीच्या घरांतही. मी बायकांना नळी शिकवली, कफ शिकवला, वाजणं ओळखायला शिकवलं. शेजारचं पोर मेलं तरी आपल्या पोराचं घुंगरू वाजू द्या, हे मला शिकवायला सुचलंच नसतं, आणि सुचलं असतं तरी कोणत्या तोंडानं सांगणार होते?

संध्याकाळी जीप आली. विट्याचा बाप वडूजच्या बाईला म्हणाला, "आदी तुमास्नी पोचवू, मग आमी माघारी फिरू." दोघी मागे बसल्या, आपापलं पोर मांडीवर घेऊन. मी जीपपर्यंत गेले होते.

पावसाळ्यानंतर सांगलीत डॉक्टरांच्या सभेत सरांनी अभ्यास वाचून दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वडूजची मुलगी त्यात नव्हती. परतताना गाडीत मी विचारलं. सर म्हणाले, "घुंगरू बांधलेलं असताना काय घडतं, एवढाच आपला प्रश्न होता. तिच्या पायाला ते नव्हतं." त्यांचं चूक नव्हतं. मिरज जवळ आल्यावर सर म्हणाले, "यापुढे चिकटपट्टीनं बांधा. बायकांना सोडता येता कामा नये."

तसं आम्ही करू लागलो. पट्टीवर पट्टी लावून मी घुंगरू असं पक्कं करायचे की कात्रीशिवाय निघू नये.

त्याच हिवाळ्यात खोलीत आणखी एक मूल गेलं. समोरच्या खाटेवर तासगावकडची एक बाई नळी बसवलेल्या मुलाजवळ बसली होती. मी मुद्दाम तिच्या मुलाचा पाय पाहिला. घुंगरू जागच्या जागी होतं. तिनं ते मुठीत गच्च धरलं होतं. पोर जागं होतं, पाय सोडवायला बघत होतं, आणि ती त्याच्याकडे न बघता समोरच्या बाईकडे बघत होती.

मी स्टूल ओढून तिथेच बसले. म्हटलं, आज मीच बघते पोराच्या छातीकडे. थोडा वेळ बसले असेन, तेवढ्यात मोठ्या वॉर्डातून सिस्टरची हाक आली, मग पुन्हा आली. उठणं भाग होतं.

मी वाकले आणि तिची बोटं एकेक करून उघडली. तिनं हात आवळून धरला, मान हलवून नको नको म्हणाली. मी जोर केला. पोराचा पाय सुटला, त्यानं तो झाडला आणि घुंगरू खणखणीत वाजलं. समोर मेलेलं मूल मांडीवर घेऊन बसलेल्या बाईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.